नाशिक ते आंबझरी, विमानाने

चोवीस वर्षं एसटीत कंडक्टर राहिलेल्या छाया गायधनी निवृत्त झाल्या आणि आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं, की न हलणाऱ्या जमिनीवर आपल्याला करमत नाही. पाय धडधाकट होते, कंबर शाबूत होती. पण ओट्यापाशी भाजी परतताना त्या एक पाय पुढं, एक मागं असा घाटातल्या वळणाचा पवित्रा घेऊन उभ्या राहायच्या आणि डाव्या हातानं मांडणीची कड घट्ट धरायच्या.

"अगं, घर कुठं चाललंय का?" रंगनाथराव विचारायचे.

"तेच तर दुखणं आहे," छायाबाई म्हणायच्या.

रंगनाथराव त्यांचे यजमान. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापील कागदांतली खोट शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते तीन वर्षं आधीच निवृत्त झाले होते आणि घरी बसणं त्यांना असं मानवलं होतं, की जणू त्यासाठीच ते जन्माला आले होते. सकाळचा पेपर ते दुपारपर्यंत पुरवायचे आणि त्यातल्या छपाईच्या चुका पेन्सिलनं खुणा करून ठेवायचे. छायाबाईंना ते जमणारं नव्हतं. त्या भजनी मंडळात जाऊन आल्या. पण त्यांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचायला तयार झालेला, तिथं टाळमृदंगही दबले. मंडळाच्या बायकांनी फार गोड शब्दांत त्यांना मागच्या रांगेत बसायला सांगितलं. योगासनांच्या वर्गात डोळे मिटून श्वासाकडं लक्ष द्यायचं होतं, तर छायाबाई एक डोळा किलकिला करून माणसं मोजत बसल्या. बावीस निघाली. दुसऱ्या दिवशी एकवीसच होती, तेव्हा "एक कोण राहिलं?" असं त्यांच्या तोंडून गेलं आणि तिथलंही संपलं.

जेल रोडच्या त्यांच्या सोसायटीत खाली चार दुकानं होती. त्यातलं झेरॉक्सचं दुकान बंद पडलं आणि तिथं एक नवीनच पाटी लागली: ‘बसा आणि उडा – विमानातून नाशिकदर्शन’. पंधरा दिवसांत पहिल्या मजल्यावरच्या मंजुषाताई तक्रार घेऊन आल्या. खालून दिवसभर घरघर येते, फरशी थरथरते, आणि देव्हाऱ्यातली घंटा कुणी हात न लावता वाजते. पहिल्या दिवशी त्यांना तो चमत्कार वाटला होता, म्हणून त्यांनी नारळही फोडला होता. आता त्या नारळाचाही राग होता.

रंगनाथराव सोसायटीचे सेक्रेटरी. पण कुणाशी वाद घालायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. ते म्हणाले, "छाया, तू जरा खाली जाऊन बोलतेस?"

"बोलू की भांडू?"

"ते तू तिथं गेल्यावर बघ."

छायाबाई पदर खोचून खाली उतरल्या. काचेचा दरवाजा ढकलला, तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. समोर भिंतभर तीन मोठे पडदे होते आणि त्यांत गोदावरी होती. वरून दिसणारी. पंचवटीतले पूल एकामागून एक खालून सरकत होते. पडद्यांसमोर विमानातल्यासारख्या दोन खुर्च्या, मागं चार साध्या खुर्च्या. पुढच्या खुर्चीत तिशीतली एक मुलगी कानाला हेडफोन लावून विमानाचं सुकाणू धरून बसली होती. तिच्या शेजारी एक आजोबा होते, मागं त्यांचं कुटुंब. नागपूरहून देवदर्शनाला आलेलं. आजोबांना ब्रह्मगिरी चढवत नव्हता, म्हणून सुनेनं त्यांना इथं आणलं होतं.

"आणि ही समोर टेकडी दिसतेय ना," ती मुलगी म्हणाली, "ती पांडवलेणी."

छायाबाईंना आपण भांडायला आलो आहोत याचा विसर पडला. "पांडवलेणी कुठली गं! ती चांभारलेणी. म्हसरूळची. पांडवलेणी पार मागं राहिली, मुंबई रस्त्याला. वळव गाडी!"

मुलीनं दचकून सुकाणू वळवलं. सगळं नाशिक पडद्यावर तिरपं झालं. आजोबांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले, मागच्या सुनेनं "अगं बाई" केलं, आणि छायाबाई मात्र, एक पाय पुढं, एक मागं, खुर्चीची पाठ धरून अशा सहज उभ्या होत्या, की कित्येक दिवसांनी त्यांच्या पायांना आपलं माणूस भेटलं.

पुढचा अर्धा तास त्याच बोलत होत्या. नागपूरकर गेले तेव्हा आजोबा छायाबाईंना हात जोडून म्हणाले, "ताई, खरं सांगतो, मी गाडीनं परवा हेच सगळं पाहिलं. पण दिसलं आज."

ती मुलगी म्हणजे तेजल बागूल. सटाण्याकडची. विमान चालवायचं रीतसर शिक्षण घेतलेली, परवाना मिळालेली. पण ज्या वर्षी परवाना हातात आला त्या वर्षी कुणी नोकरी देईना, आणि पुढं डोळ्यांचा नंबर आड आला. मग तिनं हे यंत्र उभं केलं होतं. सुरुवातीला कॉलेजची पोरं यायची. विमान मुद्दाम कुठंतरी आपटायची आणि हसत निघून जायची. तेजलला ते बघवायचं नाही.

"काकू, तुम्ही काहीतरी सांगायला आला होतात ना?" तिनं विचारलं.

"हो, ते राहिलंच. तुझ्या स्पीकरनं मंजुषाताईंच्या देवाची घंटा वाजते. त्याच्याखाली रबर घाल." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "उद्या किती वाजता उघडतेस?"

दुसऱ्या दिवसापासून छायाबाई रोज खाली जाऊ लागल्या. तेजल ड्रायव्हर आणि त्या कंडक्टर. त्या कधीच बसायच्या नाहीत. माणसं आत आली की "पुढं सरका, दारात गर्दी नको" म्हणायच्या, सगळे बसले की दोनदा टाळी वाजवायच्या आणि तेजल विमान सोडायची. विमान ओझरच्या धावपट्टीवरून उडतं हे त्यांना पहिल्यांदा पटलं नव्हतं. "पेठ रस्त्याला जायचं तर पेठ नाक्यावरून उडव की. ओझरला कशाला उलटं जायचं?" असं त्या म्हणाल्या होत्या आणि तेजल हसून हसून सुकाणूवर आडवी झाली होती.

त्यांचं सांगणं पुस्तकातलं नव्हतं. अंजनेरी आली की त्या म्हणायच्या, "उन्हाळ्यात इथं करवंदाच्या पाट्या घेऊन बाया चढायच्या. गाडीभर वास." सिन्नर आलं की गोंदेश्वराचं देऊळ दाखवायच्या आणि लगेच, "इथं सकाळची शिफ्ट धरणारी पोरं टपावर बसायला निघायची, मी एकेकाला खाली ओढलंय." घोटीकडं गेलं की भातखाचरं पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरायची आणि छायाबाई सांगायच्या, की नवा तांदूळ निघाला की आठवडाभर आपल्या खाकी कपड्यांना त्याचा वास यायचा, धुतले तरी जायचा नाही. घोटीची एक नवी नवरी, उज्ज्वला, सासूला घेऊन आली होती. माहेरचं घर तिनं वरून बरोबर ओळखलं. "सासूबाई, बघा, किती जवळ आहे. विमानानं सात मिनिटं," असं ती म्हणाली, तेव्हा सासूनंही हसून त्या दिवाळीला चार दिवस जास्त कबूल केले. हळूहळू लोक विचारू लागले: त्या उभ्या राहून सांगणाऱ्या ताई आहेत का? नसतील तर उद्या येतो.

माघ महिना असेल. बिल्डिंगच्या मागच्या अंगाला तृप्ती नावाची एक नर्स भाड्यानं राहायची. मुलगी कष्टाळू, पेठ तालुक्यातली. तिनं आपल्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आणलं होतं. एक डोळा झाला, दुसरा महिन्यानं करायचा. तोवर धूर नको, ओझं नको, वाकणं नको. म्हणजे गावाला जायचं नाही. आई दिवसभर काळा चष्मा लावून जिन्याच्या पायरीवर बसलेली असायची, हात मांडीवर, काम नसलेल्या माणसासारखे अवघडलेले.

छायाबाई दोन दिवस जाता-येता बघत होत्या. तिसऱ्या दिवशी थांबल्या. "तू आंबझरी फाट्याची ना?"

म्हातारीनं मान वर केली. "तुला कसा ठाऊक?"

"दिवाळी झाली की पेठ गाडीला तुमची टोळी चढायची. गाठोडी, कोंबड्या, एक ढोलकं. द्राक्षाच्या बागांना जायचात. तू शेवटच्या सीटवर बसायचीस आणि बाकीच्यांचे पैसे गोळा करून द्यायचीस. झुंबरबाई. बरोबर?"

झुंबरबाईंनी चष्मा काढला, एका नव्या आणि एका जुन्या डोळ्यानं समोरच्या बाईला नीट न्याहाळलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "कंडक्टरबाई! आगं, तू माझी कोंबडी उतरवली होतीस गाडीतून!"

"नियमच होता तो."

"मग परत घेतलीस ना, पाऊस बघून."

दोघी पायरीवरच बसल्या. झुंबरबाई म्हणाल्या, इथं सगळं बरं हाय, लेक लय करते. पण सकाळी उठून बघावं तर समोर भिंत. दुसऱ्या खिडकीतून बघावं तर दुसरी भिंत. डोळा नवा मिळाला आणि बघायला काय नाय.

छायाबाई ताडकन उठल्या. "चल. तुझा गाव दाखवते. आत्ताच्या आत्ता."

तेजलनं तृप्तीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, टीव्हीसारखंच असेल तर बघू दे, फक्त हलू देऊ नका. झुंबरबाईंना तेजलच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. विमान ओझरहून उडालं तसं त्यांनी "आये!" म्हणून छायाबाईंचा हात धरला, पण रामशेजचा किल्ला डाव्या अंगाला दिसला तेव्हा हात सुटला. मग सावळघाट आला आणि त्या पुढं झुकल्या. डोंगरांच्या घड्या त्यांनी बोटानं मोजल्या. "हा रस्ता. ही वळणा. आता खाली नदी येल." नदी आली. "आता उजवीकडं एक सोंड हाय डोंगराची, बैलाच्या वशिंडासारखी." वशिंडही आलं. तेजल खाली खाली उतरली.

आणि तिथं गाव नव्हतं.

डोंगराची सोंड होती, नदीचं वळण होतं, पण पाड्याच्या जागी एकसारख्या झाडांची रांग होती आणि त्यांच्यामध्ये तीन विलायती बंगले, लाल उतरत्या छपरांचे. एकाच्या अंगणात निळा पोहायचा तलावसुद्धा होता.

झुंबरबाईंनी बोटानं तिन्ही बंगले मोजले. मग हळूच म्हणाल्या, "ह्या लोकांनी कधी घेतला आमचा गाव?"

तेजल घाईनं म्हणाली, "नाही हो मावशी, ते खरं नाही. जमीन उपग्रहाच्या फोटोवरून येते, ती बरोबर आहे. पण घरं हे यंत्र मनानंच मांडतं. मोठ्या गावांची माहिती त्याला आहे, लहान पाड्यांची नाही."

"म्हणजे आमी त्याला ठाऊक नाय."

"नाही."

"बरा," झुंबरबाई म्हणाल्या आणि चष्मा लावला.

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच छायाबाईंना जास्त लागलं. चोवीस वर्षांत त्यांनी कधी कुणाला चुकीच्या गाडीत बसवलं नव्हतं. आज आंबझरी म्हणून बसवलं आणि भलतीकडंच उतरवलं. संध्याकाळी त्यांचं जेवण नीट गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच त्या दारात उभ्या.

"ते बंगले काढता येतील का?"

"येतील," तेजल म्हणाली. "खरी घरंही घालता येतील, मला ते करता येतं. पण काकू, कुठलं घर कुठं, केवढं, कुठल्या रंगाचं, हे कुणीतरी मोजून, फोटो काढून आणायला हवं."

छायाबाई तशाच वर गेल्या. रंगनाथराव पेपरातल्या एका उलट्या वेलांटीवर खूण करत होते. "अहो, पेन्सिल सोडू नका. तीच घेऊन चला. उद्या पेठ गाडीनं जायचंय."

रंगनाथराव चोवीस वर्षांत बायकोच्या गाडीत एकदाही बसले नव्हते. प्रेसच्या वेळा आणि एसटीच्या वेळा जुळल्याच नाहीत कधी. त्यांनी थोडी कुरकूर केली, गुडघा दाखवून पाहिला. पण सकाळी सातला ते हातात कोरी वही आणि फूटपट्टी घेऊन जुन्या सीबीएस बसस्थानकावर उभे होते. गाडीचा कंडक्टर छायाबाईंच्या हाताखाली शिकलेला निघाला. त्यानं गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मॅडम आहेत, खिडकी द्या." मग दर थांब्याला कुणी ना कुणी चढत होतं आणि "बाई, बऱ्या हाय का? दिसल्या नाय लय दिवस," म्हणत होतं. करंजाळीला चहावाल्यानं धावत येऊन दोन ग्लास खिडकीतून दिले. रंगनाथराव हे सगळं पाहत होते. घाट चढताना ते एकदम म्हणाले, "मला वाटायचं, तू फक्त तिकिटं फाडतेस."

"तेच करत होते," छायाबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. पण त्यांना बरं वाटलं.

आंबझरी फाट्यावर झुंबरबाईंचा दीर, सोमा, न्यायला आला होता. तृप्तीनं फोन केलेला. सोमा साठीच्या पुढचा, काटक, कमी बोलणारा. पाड्यात पोचेपर्यंत बातमी त्यांच्यापुढं गेली होती: विमानवाले आले, गावाचा फोटो आकाशात लावणार. रंगनाथरावांनी पाराच्या दगडावर वही उघडली आणि मग त्यांच्यात प्रेसचा माणूस जागा झाला. ते एकेका घरासमोर उभे राहून पावलं मोजत, रेघ आखत, खोडत, पुन्हा आखत. एकही घर फूटभर सरकलेलं त्यांना चालत नव्हतं. छायाबाई मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो घेत होत्या.

लोकांना कळायला वेळ लागला नाही. नवसाबाई नावाच्या एक आजी येऊन म्हणाल्या, "माझा पत्रा निळा लिव्हा."

"निळाच आहे."

"आता मळका हाय. नवा होता तवासारखा लिव्हा."

एकाच्या घराचा सज्जा अर्धा बांधून राहिला होता. त्याला तो पुरा दाखवून हवा होता. दोघा भावांचं कुंपणावरून बिनसलं होतं. दोघंही रंगनाथरावांना आपापल्या बाजूची रेघ दाखवू लागले. बायकोला भांडायला पाठवणारे हे गृहस्थ फूटपट्टी उचलून ठामपणे म्हणाले, "जे आज आहे ते आणि तेवढंच. उद्या बदललं तर मी परत येईन." भाऊ मागं सरले. छायाबाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, जणू हे गृहस्थ आत्ताच गाडीत चढले.

एक्केचाळीस घरं झाली. शिवाय समाजमंदिर, शाळेच्या दोन खोल्या, विहीर, मोहाची सात मोठी झाडं आणि वेशीवरचा वाघदेव. दुपारी सोमाच्या घरी नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं झालं. रंगनाथराव तीन भाकऱ्या जेवले आणि गुडघ्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

तेजलनं तीन आठवडे काम केलं. रोज गिऱ्हाईक संपलं की ती वही समोर ठेवून एकेक घर बसवायची. रंगनाथराव आता पेपर सोडून खाली येऊन बसू लागले. "अकरा नंबरचं दार पूर्वेला आहे, तू दक्षिणेला केलंस." "हा मोह जरा वाकडा हवा." तेजलला त्यांचा आधी वैताग आला, मग सवय झाली, आणि एक दिवस ते सर्दीनं आले नाहीत तर तिनंच वर फोटो पाठवून विचारलं, "काका, विहिरीचा कठडा बरोबर आहे का?"

झुंबरबाईंचा दुसरा डोळा झाला, पट्टी निघाली, त्याच्या चौथ्या दिवशी त्यांना पुन्हा त्याच खुर्चीत बसवलं. या वेळी काळा चष्मा काढून, आणि मागच्या खुर्चीत तृप्ती. घाट गेला, नदी आली, वशिंड आलं. तेजलनं विमान हळूच तिरपं केलं आणि खाली पाडा दिसला. गवताची छपरं, कौलं, पत्रे. नवसाबाईंचा निळा, मळकाच. पारापासून निघून घराघरांत शिरणाऱ्या पायवाटा.

झुंबरबाई पडद्याकडं झुकल्या. छायाबाईंना धीर धरवेना. "काय गं? चुकलं का काही?"

"थांब," झुंबरबाई म्हणाल्या. त्या ओठ हलवत घरं मोजत होत्या. शेवटच्या घरापाशी त्यांचं बोट थांबलं. "हा माझा. म्हशीचा गोठा त्या अंगाला पाहिजे."

रंगनाथरावांनी झटकन वही उघडली. "या अंगालाच आहे. मी स्वतः पाहिलाय."

"मग सोमानं हलवला!" झुंबरबाई उसळून म्हणाल्या. "मी इथं डोळे घेऊन बसले आनि त्यानं तिकडं माझा गोठा हलवला! तृप्ती, लाव फोन त्याला!"

फोन लागला. सोमानं कबूल केलं. जुन्या गोठ्याची लाकडं वाळवीनं खाल्ली होती. वहिनी आली की सांगू, म्हणून गप्प होता. दुकानातल्या दुकानात झुंबरबाईंनी त्याला असा झाडला, की मंजुषाताई काय झालं म्हणून खाली आल्या. झाडून झाल्यावर मात्र झुंबरबाई खुर्चीत मागं टेकून खळखळून हसल्या. "लय बेस केला गं पोरी तू," त्या तेजलच्या पाठीवर हात फिरवत म्हणाल्या. "चोरी पन दिसते ह्याच्यात."

त्या आठवड्यात त्या गावी गेल्या. आणि वैशाखात एका रविवारी सकाळी दोन जीप सोसायटीच्या फाटकाशी येऊन थांबल्या. आतून आंबझरीची एकोणीस माणसं उतरली. पुढं झुंबरबाई, डोक्यावर करवंदांची पाटी, म्हणजे वाकायचं नाही, ओझं न्यायचं नाही हे सगळं संपलं होतं. मागं सोमा, नवसाबाई, आणि एकमेकांशी अजूनही न बोलणारे ते दोघं भाऊ, वेगवेगळ्या जीपमधून. दुकानात सहा जणांची जागा. छायाबाईंनी खुर्च्या बाहेर काढल्या, सतरंजी घातली आणि "मागं सरका, मागं सरका" करत एकोणीसच्या एकोणीस आत बसवले. रंगनाथराव चहा आणायला धावले.

गाव दिसला तसा एकच गलका उठला. प्रत्येकानं आपापलं घर शोधलं, दुसऱ्याचं दाखवलं, नवसाबाईंनी पत्र्याबद्दल तक्रार केली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग गलका ओसरला. आपलाच गाव किती वेळ बघायचा! छायाबाई विचारणार होत्या, आता त्र्यंबक बघायचं का. तेवढ्यात सोमा बोलला. सकाळपासून पहिल्यांदाच.

"ही नदी पुढं कठं जाते, तिकडं नेशील?"

तेजलनं मागं वळून छायाबाईंकडं पाहिलं. छायाबाईंनी मान हलवली. पेठच्या पुढं त्यांची गाडी कधी गेलीच नव्हती. "मला त्या बाजूचं एक अक्षर माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ने तू. बघू."

विमान दमणगंगेवरून पश्चिमेला निघालं. डोंगर हळूहळू बसके झाले, दरी रुंद झाली. छायाबाई गप्प उभ्या होत्या. त्यांच्याऐवजी सतरंजीवरची माणसं बोलू लागली. कुणी म्हणालं, हा गुजरातचा धरण, इथं माझ्या मामाची जमीन बुडाली, मग त्यांना वर जागा मिळाली. धाकटा भाऊ म्हणाला, हे सेलवास, ही कंपन्यांची रांग, इथं मी दोन साल होतो. थोरला नकळत बोलून गेला, "तिसरी कंपनी. ती पिवळी. मी आलो होतो तुला न्यायला." धाकट्यानं "व्हय, पाऊस होता," म्हटलं आणि मग दोघांनाही आठवलं की आपलं बोलणं बंद आहे, पण तोवर बोलून झालं होतं.

एक बाई मधेच म्हणाली, "कंडक्टरबाई, तू उभी कशाला? बस की," आणि तिनं सरकून सतरंजीवर जागा केली. छायाबाई बसल्या. बसूनही तोल जात नव्हता.

पाऊण तासानं नदी पसरट झाली, तिच्यात होड्या दिसू लागल्या, दोन्ही काठांना गाव लागलं. आणि मग काठच संपले. पुढं सगळं पाणी. एकोणिसांतल्या चौदा-पंधरा जणांनी समुद्र कधी पाहिला नव्हता.

"आपल्या विहिरीखालचा पाणी हितं येतो?" झुंबरबाईंनी विचारलं.

"येतो," सोमा म्हणाला.

"एवढा लांब? एकटाच?"

तेजलनं समुद्रावर एक मोठी गिरकी घेतली. ऊन पाण्यावर चमकत होतं. नवसाबाई दोन्ही हात जोडून बसल्या होत्या, आणि दारात रंगनाथराव एकवीस चहांचा ट्रे घेऊन तसेच उभे होते, वाटायचं विसरून.

"आता परत न्या," झुंबरबाई म्हणाल्या. "पन रस्त्यानं नको. नदीनंच वर चला, ती आली तशी."